खुंटीवर राहिलेली सॅक

मी एक सॅक बोलतेय. हल्लीच्या रंगीत, चेनवाल्या सॅकांसारखी नाही. जाड खाकी कॅनव्हासची आहे. तोंडाला ओवलेली दोरी, वर झाकण, झाकणाला दोन पितळी बकलं. त्यातलं डावं गंजून घट्ट बसलंय, ते आता उघडत नाही.

स्प्लिट नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, एका राजवाड्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या खुंटीला मी टांगलेली आहे. राजवाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झुंबरं आली असतील. तसलं इथे काही नाही. एका रोमन बादशहाने म्हातारपणी राहायला हा बांधला, त्याला सतराशे वर्षं झाली. बादशहा गेला, मग कधीतरी साधी माणसं आत शिरली. त्यांनी दालनांमध्ये चुली मांडल्या, तटाच्या भिंतीला खिडक्या पाडल्या, आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत दोऱ्या बांधून चादरी वाळत घातल्या. त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून इथेच राहतात.

मी मात्र मूळची इथली नव्हे. माझा जन्म स्लोव्हेनियातल्या तंबू शिवणाऱ्या एका कारखान्यातला. तंबू बेतून उरलेले तुकडे जोडून मला शिवलं, म्हणून माझं पोट फिक्या खाकीचं आणि पाठ गडद. तिथून फिरत फिरत मी बोस्नियातल्या दोबोय जंक्शनच्या बाजारात आले; स्लोव्हेनिया, बोस्निया, स्प्लिट, तेव्हा सगळं एकाच देशात होतं. चार दिवस दोरीला लटकले. लोक यायचे, वास घ्यायचे, पुढे जायचे. पाचव्या दिवशी एक उंच, किंचित वाकलेला माणूस आला. त्याने आत हात घालून तळाची शिवण बोटांनी चाचपली आणि स्वतःशीच म्हणाला, "ही नाही फाटायची."

हा नेवेन. नेवेन म्हणजे त्यांच्याकडचं झेंडूच्या जातीचं एक फूल. माणूस काही फुलासारखा नव्हता. रेल्वेत सांधेवाला. केबिनमध्ये उभं राहून तरफा ओढायच्या आणि कुठल्या गाडीला कुठला रूळ ते ठरवायचं, हे त्याचं काम. समुद्राकडे जाणारी गाडी रोज त्याच्या डोळ्यांसमोरून जायची. खिडक्यांतून पोरंटोरं टॉवेल हलवायची. बारा वर्षं त्याने त्या गाडीला वाट दिली, पण स्वतः कधी तिच्यात चढला नाही. लग्न झालेलं नव्हतं. आई गेली, घरात धाकटी बहीण सेन्का आणि तो, असे दोघंच उरले. एक दिवस सेन्काच म्हणाली, "अरे दादा, रेल्वेचा पास आहे ना तुला? दुसऱ्यांना वाट दाखवून म्हातारा होशील. जा की एकदा!"

म्हणून त्याने मला घेतलं.

सप्टेंबर महिना होता, एकोणीसशे त्र्याऐंशी. माझ्या पोटात त्याने दोन शर्ट, पावाची लादी, सहा उकडलेली अंडी, आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी, कॉफीचं लांब दांड्याचं भांडं आणि एक वही भरली. सकाळी गाडी स्प्लिटला पोहोचली तेव्हा नेवेनची पाठ घामाने भिजली होती. त्याच्या पाठीवरून त्याच्या मनातलं मला कळायचं. त्या दिवशी तो घाबरला होता.

स्टेशन अगदी बंदराला लागून. बाहेर पुठ्ठ्यावर 'खोल्या' असं लिहून बायकांची रांग उभी. नवखा दिसला की सगळ्या एकदम अंगावर यायच्या. त्यांच्यात एक काळ्या कपड्यातली, चाळिशीची, बारीक चणीची बाई होती. ती आपली जागा सोडून हलली नाही, नुसती ओरडली, "खोली! राजवाड्यात खोली!"

नेवेन म्हणाला, "बाई, राजवाडा मला झेपायचा नाही. पाठ टेकायला भिंत मिळाली तरी पुरे."

तिने आधी मला पाहिलं, मग त्याला. "एवढंच सामान? राहायला आलात की घरून पळून आलात?"

"बघायला आलोय."

"काय बघायला?"

"सगळंच. कधी काही बघितलं नाही."

तिने पुठ्ठा काखेत मारला. "चला. भिंतीच पाहिजेत ना? आमच्याकडे भिंतींना तोटा नाही."

ही विंका. इथे बाईला मानाने 'श्योरा' म्हणतात आणि पुरुषाला 'श्योर'. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता, तो वारला. मग सासरा, मग वडील. एकाचं सुतक फिटेतो दुसऱ्याचं लागायचं, त्यामुळे तिच्या अंगावरचं काळं काही उतरलंच नव्हतं. मूलबाळ नाही. दोन खोल्यांपैकी एक ती प्रवाशांना द्यायची आणि दुसरीत आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. समोरच्या खिडकीत पेरिना नावाची शेजारीण. हात लांब केला तर दोघींना एकमेकींच्या चादरी ओढता येतील एवढी ती गल्ली. पेरिनाचं तोंड दिवसभर चालू.

नेवेन खोलीत शिरला आणि मला खुंटीला अडकवायच्या आत खिडकीतून आवाज आला, "विंका! आजचं गिऱ्हाईक बादशहा दिसतंय गं! बूट कुठल्या शतकातले?"

नेवेनने खिडकीत जाऊन लवून नमस्कार केला. "आजोबांचे आहेत. पण पॉलिश आजच केलंय."

पेरिना खिडकीतून निम्मी बाहेर वाकून बूट बघू लागली.

फिरण्याची त्याची एक तऱ्हा होती. शहर म्हणजे आजारी माणसाला पाजायचं गरम सूप असावं, तसं तो ते चमच्याचमच्याने घ्यायचा. तीन दिवसांची रजा. पहिल्या वर्षी त्याने फक्त राजवाड्याची चार दारं पाहिली, एकेका दाराशी अर्धा दिवस. दारातला दगड किती झिजलाय ते हात लावून बघायचा आणि वहीत पेन्सिलने टिपायचा. दुसऱ्या वर्षी तळघरं. तिसऱ्या वर्षी चौकातले खांब आणि त्यांच्या पायथ्याशी बसलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स. बिनतिकिटाचं काय आणि फुकटाचा वार कोणता, ते त्याला स्प्लिटवाल्यांपेक्षा जास्त माहीत झालं. दुपारी मासळीबाजार उठायच्या वेळी तो जायचा. उरलेली बारीक मासळी कागदात बांधून मिळायची. त्या वासाने मी दोन दोन दिवस हैराण. विंका ती तळायची, सोबत पालेभाजी आणि बटाटा लसणावर परतून, वर ऑलिव्हचं तेल. तो आपल्या भांड्यात कॉफी करायचा. म्हातारी आई त्याच्या मुरंब्याची वाट बघत बसायची. वर्षावर्षाने ते चौघांचं जेवण झालं. चौथी पेरिना, खिडकीतून.

"आज काय बघितलंत, श्योर नेवेन?" विंका विचारायची.

"पश्चिमेच्या दारावरचं घड्याळ. त्याला बाराऐवजी चोवीस आकडे आहेत."

"आहेत? मी रोज खालून जाते, मला तर माहीत नाही."

"श्योरा विंका, तुम्ही जन्मभर इथे राहता आणि..."

"आम्ही राहतो म्हणूनच बघत नाही. तुमच्या दोबोयमध्ये तुम्ही काय बघता, सांगा!"

त्याने विचार केला. "रूळ," तो म्हणाला. सगळे हसले.

राजवाड्यात एक गल्ली आहे. ती इतकी अरुंद, की तिचं नावच 'जाऊ दे मला'. पाचव्या वर्षी मी त्याच्या पाठीवर असताना तो तिच्यात शिरला, आणि समोरून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन विंका आली. एकाला मागे जाणं भाग. ती म्हणाली, "सरका, सरका, वाटाणे सांडतील." त्याने दोन्ही टाचा जुळवल्या, हात आडवा केला आणि सिग्नल पडल्यासारखा खाली आणला. "मेल गाडीला वाट द्या!" असं ओरडत तो उलट्या पावली मागे सरकत गेला. मी दगडावर घासत होते, माझी पाठ सोलवटली, तो डाग अजून आहे. पण विंका हसली. तिचं ते हसू दगडी भिंतींत घुमलं. आणि नेवेनच्या पाठीत काहीतरी सैल झालं, ते मला स्पष्ट जाणवलं. त्या दिवसापासून तो स्प्लिट बघायला येतो हे अर्धंच खरं राहिलं.

पण बोलला नाही. तीही नाही. दोघंही चाळिशी ओलांडलेली. तीन दिवस यायचं, मासळी खायची, जायचं. निरोपाच्या वेळी ती माझ्यात सुकी अंजिरं भरायची आणि म्हणायची, "सेन्काला द्या. तुम्ही खाऊ नका." तो गाडी सुटायच्या आतच खायला लागायचा.

असे सात सप्टेंबर गेले.

आठवा आला तेव्हा तो गाडीने आलाच नाही. बसने आला, लांबचा फेरा घालून, अंग आंबलेलं. त्या उन्हाळ्यात रुळांवर झाडांचे ओंडके टाकून काही लोकांनी गाड्या अडवल्या होत्या. देशात कसली तरी कुजबुज वाढत चालली होती. बसमध्ये लोक एकमेकांना आधी आडनाव विचारत होते.

विंकाकडेही एक माणूस कमी झालं होतं. तिची आई एप्रिलमध्ये गेली. अंगावर पुन्हा नवं काळं.

तिसऱ्या दिवशी दोघं मार्यान टेकडीवर गेली. तिने घर बंद करून त्याच्याबरोबर बाहेर पडायची ती पहिलीच वेळ. दगडी पायऱ्या चढून वरच्या एका पायरीवर बसली. खाली लाल कौलं, पलीकडे समुद्र. मला दोघांच्या मध्ये ठेवलं. त्याने पाव कापला, तिने मासळी सोडली. खाऊन झालं, हात पुसून झाले.

"श्योरा विंका, एक विचारू?"

"खोलीचं भाडं कमी करा म्हणणार असाल, तर नाही."

"माझ्याशी लग्न करशील?"

वारा होता. खाली कुठल्यातरी बोटीचा भोंगा वाजला.

"आतापर्यंत मला 'तुम्ही' म्हणत होतात," ती म्हणाली.

"रुळांवर ओंडके टाकलेत, विंका. वीस वर्षं मी सांधे बदलतोय. रुळावर गाय बघितली, दारुडा बघितला, कंबरभर बर्फ बघितलं. माणसांनी मुद्दाम आणून टाकलेली झाडं कधी बघितली नव्हती. मला भीती वाटते. म्हणून यंदा विचारतोय. नाहीतर आणखी आठ वर्षं मी अंजिरंच खात बसलो असतो."

"आईला जाऊन पाच महिने नाही झाले. वर्ष तरी नको का व्हायला? लोक काय म्हणतील? पेरिना तर..."

"पेरिना बोलणारच. ती बादशहालाही बोलली असती."

तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. काळ्या झग्याच्या टोकाला लागलेली धूळ झटकत राहिली. "पुढच्या सप्टेंबरात ये," ती म्हणाली. "वर्ष झालेलं असेल. मी काळं उतरवलेलं असेल. तेव्हा विचार."

"तेव्हा काय सांगशील?"

"तेव्हा विचार म्हटलं ना!"

ती 'ये' म्हणाली, 'या' नाही. एवढ्यावर तो खूश झाला. मी मात्र मध्ये बसून दोघांकडे बघत होते. तिच्या दोन्ही हातांनी माझी दोरी घट्ट धरून ठेवली होती. ते त्याला दिसले नाहीत, कारण ते माझ्या आड होते.

निघताना त्याने कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि मला रिकामी करून खुंटीला अडकवलं. "हिला राहू दे इथे. सामान ठेवलेला माणूस परत येतो."

"आणि माझी अंजिरं कशात नेणार?"

"खिशात."

त्याचे दोन्ही खिसे फुगले होते. जिना उतरतानाचे त्याचे बूट मी ऐकले. अकराव्या पायरीशी नेहमीसारखा अडखळला, ती पायरी तुटकी होती. मग आवाज गेला.

पुढच्या सप्टेंबरात विंकाने निळा झगा शिवला. पेरिनाने खिडकीतून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. विंका तीन दिवस बस स्टँडवर उभी राहिली. पुठ्ठा नेला नव्हता. तेव्हा देश फुटून लढाई जुंपली होती. रूळ बंद, रस्ते बंद, टेलिफोन नुसता घुंऽऽ करायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तिने झगा घडी करून ठेवला. पण काळं परत घातलं नाही. "सांगितलं होतं मी त्याला," एवढंच पेरिनाला म्हणाली.

त्यानंतरच्या वर्षी बोस्निया पेटला. बसच्या बस भरून माणसं स्प्लिटला उतरू लागली. हातात गाठोडी, काखेत पोरं. विंका मला पाठीला लावून रोज जायची. कुणीतरी मला ओळखेल अशी तिला आशा. "दोबोय? दोबोयचं कुणी आहे का? रेल्वेतला नेवेन, सांधेवाला, उंच, वाकलेला?" माणसं माना हलवायची. एकाने विचारलं, "तो कुठल्या धर्माचा, बाई? ते सांगा, म्हणजे कुठल्या बाजूला असेल ते कळेल." ती म्हणाली, "विचारलं नाही कधी." मी आठ वर्षं त्याचा घाम प्यायले. मला त्या घामावरून कधी कळलं नाही.

एका आजारी बाईला आणि तिच्या दोन मुलींना तिने ती खोली दिली. त्या सव्वा वर्ष राहिल्या. मी खुंटीवर आणि खाली तीन गाद्या.

त्र्याण्णवच्या शरद ऋतूत मदत पोहोचवणाऱ्या एका संस्थेमार्फत एक छापील कागद आला. युद्धात अडकलेल्या माणसांना त्यावर घरगुती मजकुराच्या दोन ओळी लिहिता यायच्या, मागच्या बाजूला उत्तर. कागद उघडाच, वाटेत चारजणांनी वाचलेला. अक्षर पेन्सिलीचं. 'आम्ही दोघं जिवंत आहोत. सप्टेंबरला यायला जमलं नाही, माफ कर. तू म्हणाली होतीस तेव्हा विचार. विचारतो.'

विंका टेबलाशी बसली. पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. अख्खी बाजू रिकामी होती. तिने मधोमध एकच अक्षर लिहिलं. 'हो.' आणि धावत जाऊन देऊन आली. मला वाटलं होतं, आता आनंद होईल. पण उत्तर गेलं ते गेलं. पुन्हा कागद आला नाही.

लढाई संपली. माणसं आपापल्या गावी परतली. विंका पुन्हा स्टेशनाबाहेर पुठ्ठा घेऊन उभी राहू लागली, पण त्या खोलीत नवीन कुणाला ठेवताना आधी मला खुंटीवरून काढून स्वतःच्या खोलीत न्यायची.

सत्त्याण्णवच्या वसंतात एक दिवस गल्लीत पेरिनाचा आवाज चढला. "ए बाई, कोण पाहिजे? चुकलीस का वाट?"

खालून उत्तर आलं, "चुकले नाही. निळ्या दारातून आत, तिसरा मजला. अकरावी पायरी तुटकी आहे, जपून."

"अकरावी दुरुस्त केली, पोरी," पेरिना म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या भावानं."

सेन्का दारात उभी राहिली तेव्हा विंका वाटाणे सोलत होती. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. सेन्काची उंची तीच, खांद्यातला बाक तोच. विंका उठली आणि तिच्या मागे जिन्यात बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. मग ती बसली.

"कधी?" तिने विचारलं.

"चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत. छातीत कफ झाला. तळघरात ओल होती, औषध नव्हतं. गोळी लागली असती तर मला कुणावर तरी राग तरी काढता आला असता, श्योरा विंका. खोकून खोकून गेला."

विंकाने वाटाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. सेन्काच बोलत राहिली. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

"आम्ही तळघरात सोळा माणसं होतो. वर तोफा. पोरं रडायची. दादा म्हणायचा, चला, डोळे मिटा, स्प्लिटला जाऊ, तिकीट लागत नाही. मग पूर्वेच्या दारातून आत न्यायचा. उजव्या हाताला भिंत, थंड लागते, हात लावा. आता चौक, खांब मोजा. आता तळघर... तेव्हा एक म्हातारा ओरडायचा, तळघर नको रे बाबा, तिथेच तर बसलोय! सगळे हसायचे. हसायचे हो, त्यातही. आज मी स्टेशनावरून इथपर्यंत आले, कुणाला विचारलं नाही. मला सगळं पाठ आहे. शेवटी तो सगळ्यांना तुमच्या जिन्यावर आणायचा आणि म्हणायचा, इथे श्योरा विंका राहते. तिने मला हो म्हटलंय."

टेकडीवर काय झालं होतं ते तिथे दोघींनाच ठाऊक होतं. एक विंका आणि एक मी.

सेन्काने पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. "हे तुमचं. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पोहोचलं. मी कितीदा वाचलं. यात एकच शब्द आहे, 'हो'. मला कळलं नाही. तुम्ही तर त्याला आधीच हो म्हटलं होतं ना?"

विंकाने कागद हातात घेतला. स्वतःच्याच अक्षराकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ आत ओढला गेला. मी खुंटीवरून बघत होते. मला वाटलं, आता ती कोसळणार, आता खरं सांगणार.

"हो," ती म्हणाली. "आधी म्हटलं होतं. टेकडीवर. हे दुसऱ्यांदा म्हटलं."

सेन्काने तिच्या गळ्यात हात टाकले. "बरं झालं. मला वाटायचं, आम्हाला धीर द्यायला बनवून सांगतो की काय."

"नाही गं," विंका तिची पाठ थोपटत म्हणाली. "तो कधी बनवून सांगायचा नाही."

त्या दिवशी तिने मासळी तळली, भाजी केली, पाहुणीला पोटभर वाढलं. स्वतःच्या ताटातलं तसंच राहिलं. भांडी घासायला उठली आणि नळ सोडून उभी राहिली. एकच ताट होतं हातात. ते ती कितीतरी वेळ घासत होती. समोरच्या खिडकीतून पेरिना आपला नेहमीचा आवाज सोडून हळूच म्हणाली, "विंका, पाणी बंद कर गं, बाई." तेव्हा नळ बंद झाला, आणि मग जे रडणं ऐकू आलं, ते मी पुन्हा कधी ऐकू नये.

सेन्का दोन दिवसांनी गेली. मला नेणार होती. वही सोडली तर भावाची एवढी एकच वस्तू शाबूत होती. खांद्याला लावून दारापर्यंत गेलीही, मग परत आली आणि मला खुंटीला अडकवलं. "त्याची वही तुमच्याकडेच ठेवते," म्हणाली आणि ती माझ्या आतल्या कप्प्यात घातली.

पुढच्या रविवारी विंकाने वही उघडली. पहिलं पान होतं पूर्वेच्या दाराचं. तिने मला पाठीला लावलं, पावाचा तुकडा आणि पाण्याची बाटली घेतली, आणि आपल्याच घरापासून दीडशे पावलांवरच्या दारात जाऊन उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली बाई, त्याच गावात जन्मलेली, परक्यासारखी दगडाला हात लावून बघत होती. ओळखीचे विचारायचे, "श्योरा विंका, काही हरवलं का?" ती म्हणायची, "बघतेय."

दर रविवारी एक पान. मधूनच कुठेतरी तिचं नाव यायचं. 'स्फिंक्सचं नाक थोडं उडालेलं आहे. श्योरा विंका भाजी चिरताना गुणगुणते, मी आत आलो की थांबते.' असं काही आलं की ती तिथेच पायरीवर बसायची. घरी जायला उशीर व्हायचा.

शेवटच्या पानावर एकच नोंद होती. 'घंटाघर. राखून ठेवलंय. वरून सगळं एकदम दिसलं तर बघायचं काय उरेल? विंकाबरोबर.'

ती चढली. लोखंडी जिना अंगावर येतो, तिचे गुडघे दुखत होते, वाटेत तीनदा थांबली. वर वारा इतका, की माझं झाकण फडफडायला लागलं. खाली तिची खिडकी होती, पेरिनाची चादर होती, मार्यान टेकडी होती. आणि बंदराला लागून रूळ होते. स्टेशनातून निघून ते थोडेसे वळतात आणि शहराच्या पोटातल्या बोगद्यात शिरतात. पलीकडे काय आहे ते वरूनही दिसत नाही. विंका कठड्याला धरून त्या बोगद्याकडे बघत राहिली. इतर प्रवासी आले, फोटो काढून गेले. "मी त्याला नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. माझ्याशीच बोलली असावी, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. "पण हो सुद्धा म्हटलं नाही. एवढंसं तर अक्षर होतं."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. खोली भाड्याने देणं थांबवलं. पेरिना गेली, समोरची खिडकी बंद झाली. सेन्काचं पत्र दर नाताळात यायचं, पुढे तिने लग्न केलं, आणि तिच्या मुलीच्या लग्नाला विंका मला घेऊन दोबोयला जाऊन आली. नेवेनच्या थडग्याशी बसली तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते तिचं आणि त्याचं.

मागच्या फेब्रुवारीत विंका गेली. झोपेतच, त्रास न होता. तिचा पुतण्या लांबच्या शहरात राहतो, त्याने या खोल्या विकल्या आहेत. नवे मालक भिंती रंगवणार, गुळगुळीत फरशी बसवणार, दाराला आकड्यांचं कुलूप लावणार आणि प्रवाशांना देणार. परवा माणसं मोजमाप घेऊन गेली. त्यातल्या एकाने मला बघून "हे काय?" विचारलं, दुसरा म्हणाला, "राहू दे, शेवटी टाकू."

टाका. माझी तक्रार नाही. माझं कापड विरलंय, शिवण मात्र अजून शाबूत आहे. नेवेन बरोबर म्हणाला होता. एखादा कमी पैशांतला, तीन दिवसांचा पाहुणा मला उचलेल तर एक पाव आणि पाण्याची बाटली मी अजून सहज नेईन. आतल्या कप्प्यातली वही तेवढी कुणी फेकू नका. त्या वहीवरून हे शहर डोळे मिटूनही बघता येतं. सोळा माणसांनी बघितलंय.

आणि तुम्ही, जे माझं इतका वेळ ऐकत बसलात, तुमच्या शेजारी कधी कुणी बसेल आणि घसा साफ करून काही विचारेल. वर्ष पुरं व्हायची, लोकांची, सप्टेंबरची वाट बघू नका. जे असेल ते त्याच पायरीवर सांगून टाका. बोलायला हवं होतं तेव्हा मला तोंड नव्हतं. आज फुटलं, तर ज्यांनी ऐकायचं ते दोघंही नाहीत.

जिन्यात पावलं वाजताहेत. आली वाटतं माणसं. येते मी.